घाटंजीचा प्लॉट आणि घाटंजीचे घर

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात जागेच्या भावाचा विषय निघाला की बोलणे घरावर फारसे येत नाही, प्लॉटवर येते. यवतमाळ रोडला काय भाव चालू आहे, पारव्याच्या बाजूला नवे लेआउट कुणी टाकले, कॉर्नरचा प्लॉट कितीला गेला, एनए (बिगरशेती) झालेला आहे की नुसता सातबारा आहे, हीच चर्चा असते. या प्लॉटवर कोण राहायला येणार, किती खोल्या बांधणार, पाणी कुठून आणणार, हे प्रश्न सौद्याच्या बैठकीत क्वचितच विचारले जातात. मोठ्या शहरांतल्या घरबाजाराबद्दल छापून येणारे आढावे फ्लॅटची विक्री, गृहकर्जाचा व्याजदर आणि बिल्डरांचे नवे प्रकल्प मोजतात. ती मोजपट्टी येथे लागू पडत नाही. तालुक्याच्या गावात जो वाढतो तो घराचा भाव नसतो. लोकांकडे बचत ठेवायला दुसरी विश्वासाची जागा नसणे, जमिनीचा निर्वेध कागद दुर्मिळ असणे आणि रस्ता-शाळा-नळ यांवर झालेला सार्वजनिक खर्च, या तिन्ही गोष्टींची किंमत त्या भावात मिसळलेली असते. हे मान्य केले नाही, तर घर नसलेल्या माणसासाठी आखलेला प्रत्येक उपाय शेवटी प्लॉट असलेल्याच्या पदरात पडतो.

आधी मागणीकडे पाहू. घाटंजी ही क वर्ग नगरपरिषद. २००१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या एकोणीस हजारांच्या थोडी वर होती, आणि नंतरही या गावाने पुण्या-नागपूरसारखी उडी घेतलेली नाही. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये २७,७२,३४८ होती आणि तिचा मोठा भाग खेड्यांतच राहतो. कारखान्यांची रांग नाही, रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा बांधकाम चालू असलेला मार्ग दारव्हा, दिग्रस, पुसदकडून जातो, घाटंजीला शिवत नाही. म्हणजे नव्या नोकऱ्यांमागे आलेल्या कुटुंबांनी भाव चढवला, असे म्हणायला जागा उरत नाही. तरीही गावाच्या कडेचे शेत एकामागून एक लेआउटमध्ये जाते. हे फक्त येथलेच नाही. देशाच्या पातळीवर २०११ च्या जनगणनेने शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी असल्याचे नोंदवले आणि पुढच्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची टंचाई १ कोटी ८७ लाखांच्या वर काढली. ही टंचाई जवळपास सगळी, म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक, दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. रिकामी घरे आणि घर नसलेली माणसे एकाच वेळी वाढू शकतात, कारण घर घेणारा पैसा एकाचा असतो आणि घराची गरज दुसऱ्याची.

मग हा पैसा प्लॉटमध्येच का येतो? याला हाव म्हणणे सोपे आहे, पण चूक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ च्या कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबांच्या एकूण मालमत्तेपैकी सुमारे ९१ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या ८७ टक्के मालमत्ता जमीन आणि इमारत यांत असल्याचे दिसले. रिझर्व्ह बँकेच्या घरगुती वित्त समितीनेही २०१७ च्या अहवालात असेच चित्र मांडले होते: ७७ टक्के स्थावर, ११ टक्के सोने, आणि बँक ठेवी-विमा-शेअर अशा वित्तीय मालमत्तेचा वाटा जेमतेम ५ टक्के. यवतमाळ जिल्ह्यात या सवयीला अनुभवाची जोड आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेव विम्याची मर्यादा ५ लाख असल्यामुळे बहुसंख्य ठेवीदारांची रक्कम सुरक्षित होती, पण निवृत्तीची सगळी पुंजी एकाच खात्यात ठेवलेल्यांना तो दिलासा पुरेसा नव्हता. त्याआधी पीएसीएलसारख्या योजनांनी जमिनीच्या नावावर हप्ते गोळा केले आणि २०१४ मध्ये सेबीने कारवाई केल्यावर देशभरातल्या गुंतवणूकदारांच्या हातात पावत्या उरल्या. ज्याने हे पाहिले त्याच्या दृष्टीने डोळ्यांना दिसणारा, पायाने मोजता येणारा प्लॉट हाच खरा.

नोकरदारांचे वेगळेच गणित आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्या शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेवकांना जुनी पेन्शन मिळाली नाही. १ जानेवारी २०१९ पासून सातवा वेतन आयोग लागू झाला, थकबाकी हप्त्याहप्त्याने मिळाली, म्हणजे दर हप्त्याला हातात ठोक पैसा आला. पण म्हातारपणाची हमी गेलेली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तो या धास्तीतूनच. तालुक्याच्या गावात नियमित पगार असलेला सर्वांत मोठा वर्ग हाच, आणि त्याच्यासाठी प्लॉट म्हणजे पेन्शनचा पर्याय. शेतकऱ्याचे तसेच. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला आणि नंतर हमीभावाच्या आसपास घसरला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये ७,५२१ होता, २०२५-२६ मध्ये तो ८,११० झाला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे आयात शुल्क काही महिन्यांपुरते उठवले आणि हा भाव बाजारात मिळेल का याची चिंता पुन्हा उभी राहिली. अशा उत्पन्नात चांगल्या वर्षी जे उरले ते पुढच्या वाईट वर्षासाठी कुठेतरी अडकवून ठेवावे लागते. म्हणून या गावांतल्या प्लॉटच्या बाजाराची नाडी गृहकर्जाच्या व्याजदरापेक्षा कापसाच्या चुकाऱ्यावर चालते.

आता एक लेआउट जवळून पाहू. गावाला लागून असलेले दोन-तीन एकर काळे शेत. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटल्या, मोजणी झाली आणि चुन्याच्या रेघा पडल्या. मधून मुरूम टाकून रस्ता केला, चारी कोपऱ्यांत सिमेंटचे खांब रोवले, रोडच्या तोंडाशी रंगवलेली पत्र्याची पाटी लावली. नकाशावर रस्ते, नाली, विजेचे खांब आणि खुली जागा असते; राज्याच्या बहुतेक भागांत २०२० च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते. बयाणा दिला जातो, मुदत ठरते, पूर्वमुखी आणि कॉर्नरचे प्लॉट आधी जातात. पहिल्या पावसात मुरूम चिखलात जातो, नालीची जागा गवताने भरते आणि खुली जागा कुणाच्या तरी बैलबंडीची होते. तोवर निम्मे प्लॉट एकदा तरी हात बदललेले असतात, आणि बांधकाम झालेले असते दोन-तीन घरांचे. जो खरोखर राहायला आला तो अंधारात, चिखलात, टँकरच्या पाण्यावर दिवस काढतो. जो राहायला आला नाही त्याचा भाव वाढत असतो.

काळ्या मातीबद्दल येथे मुद्दाम थांबायला हवे, कारण भाव सांगणारा माणूस ही गोष्ट सांगत नाही. कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर पाच-सात वर्षांत भिंतींना तिरक्या चिरा पडतात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो किंवा माती काढून मुरूम भरून दाबावा लागतो, वर प्लिंथची पट्टी बांधावी लागते. म्हणजे दोन प्लॉट सारख्याच भावाने विकले गेले तरी माळरानावरच्या मुरमाड प्लॉटवर आणि नदीकाठच्या काळ्या प्लॉटवर घर बांधायचा खर्च वेगळा. घरासाठी जागा घेणारा हा फरक पाहील. ठेवण्यासाठी घेणारा पाहणार नाही, आणि बाजार त्याच्या नजरेने चालतो. पुराचेही तसेच. वाघाडी नदी गावातून जाते, आणि जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात एका रात्रीच्या अतिवृष्टीने किती घरे पाण्यात गेली हे जिल्ह्याने पाहिले आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. त्या रेषा सौद्याच्या वेळी समोर ठेवल्या, तर नदीच्या बाजूच्या अनेक ‘चांगल्या’ जागांचा भाव त्याच दिवशी बदलेल.

कागदाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेती वाचवण्याचा होता, पण नगरपरिषदेच्या हद्दीला खेटून असलेल्या शिवारात त्याचा परिणाम वेगळाच झाला. लोकांनी गुंठे घेतले, नोटरीचे कागद केले, सातबाऱ्यावर सामाईक नावे चढवली. ताबा एकाचा, नोंद दहाजणांची. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून अशा तुकड्यांचे दस्त थांबवले, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायताचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायताचे १० गुंठे झाले. जुने तुकडे नियमित करायला २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवली होती, ती २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आली, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने तीही माफ झाली. गुंठेवारीचेही असेच: २००१ च्या कायद्यातली १ जानेवारी २००१ ही मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली गेली. ज्यांनी आयुष्यभराची कमाई घालून अर्ध्या-पाऊण गुंठ्यावर घर बांधले त्यांना दिलासा मिळायलाच हवा होता. त्याबद्दल दुमत नाही. पण दर काही वर्षांनी माफी येणार हे बाजाराला कळले की आजचा बेकायदा तुकडा हा उद्याचा कायदेशीर प्लॉट ठरतो, आणि त्या आशेची किंमत आजच वसूल केली जाते. नियम पाळून एनए करून, खुली जागा सोडून लेआउट टाकणारा यात मूर्ख ठरतो, हे सर्वांत वाईट.

विदर्भात आणखी दोन गुंते आहेत. एक नझूलचा: जुन्या वस्तीतल्या अनेक जागा सरकारी भाडेपट्ट्याच्या, त्यांचे नूतनीकरण रखडलेले, त्यामुळे गावाच्या मध्यातल्या पडक्या घराला ना कर्ज मिळते ना खरेदीदार. दुसरा आदिवासी जमिनीचा. घाटंजी तालुक्यातली काही गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. गोंड, कोलाम, आंध, परधान हे येथले मूळ रहिवासी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. हा अडथळा काढून टाका म्हणजे जागा मोकळी होईल आणि भाव उतरेल, असे म्हणणारे आहेत. मला ते मुळीच पटत नाही. ही तरतूद आली कारण कर्जापायी आणि फसवणुकीने शेकडो कुटुंबांच्या जमिनी गेल्या होत्या आणि १९७४ मध्ये त्या परत देण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. शिवाय वर दाखवलेच आहे की नवी जागा बाजारात आली म्हणून घर स्वस्त होत नाही. ती जागाही ठेवण्यासाठीच विकत घेतली जाते.

येथे पहिला मोठा आक्षेप येतो. लोकसंख्या वाढली नसेल, पण खेड्यांतून तालुक्याला येणे वाढले आहे ना? मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मुलीच्या लग्नात ‘घाटंजीला घर आहे’ असे सांगता यावे म्हणूनही लोक येतात. निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राची टांगती तलवार यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या गावांवर वर्षानुवर्षे आहे, आणि धरणाला विरोध करणारे गावकरीही दुसरीकडे आसरा असावा असे मनातून म्हणतच असतात. हा ओघ खरा आहे. पण त्याला काय हवे? शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने, नळाचे पाणी, संडास आणि पावसात न बुडणारा रस्ता. पंधराशे-दोन हजार चौरस फुटांचा प्लॉट त्याला परवडत नाही. भाड्याच्या खोल्या बांधणे तालुक्याच्या गावात कुणी गुंतवणूक मानत नाही, कारण भाड्याचे उत्पन्न प्लॉटच्या वाढणाऱ्या भावापुढे फिके पडते. खरा ओघ आहे आणि तरी त्याच्यासाठी घरे बांधली जात नाहीत, याचा अर्थ भाव त्या ओघाचे ऐकत नाही.

घरकुल योजनेची अडचणही हीच. शहरी आवास योजनेत स्वतः बांधणाऱ्या लाभार्थ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात. ग्रामीण योजनेत मूळ अनुदान १ लाख २० हजार. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेत दोन लाख. घरकुलासाठी पाच ब्रास वाळू मोफत देण्याचाही निर्णय आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण हे सगळे ज्याच्या नावावर जागा आहे त्यालाच. ज्याच्याकडे जागा नाही त्याला ग्रामीण भागात जागा घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मिळणारे अर्थसाहाय्य आता एक लाखापर्यंत आहे. तालुक्याच्या गावाच्या कडेला त्यात काय येते ते प्रत्येक दलालाला ठाऊक आहे. विटा, वाळू, सिमेंट यांवरची सवलत जमिनीच्या भावात विरघळून जाते.

म्हणून चांगली वस्ती कशाने घडते, हा प्रश्न पैशाच्या बाजूने विचारावा लागतो. मुख्य रस्ता रुंद झाला, नळयोजना पोचली, शाळा आली, की त्या बाजूचा प्लॉट महागतो. तो खर्च सर्वांच्या करातून झालेला असतो. वाढ मात्र तीन वर्षे कुंपण घालून प्लॉट पडीक ठेवणाऱ्याला मिळते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’त जमिनीच्या या वाढीवर समाजाचा हक्क सांगितला, आणि आपल्या कायद्यांत त्याची साधने आधीपासून आहेत. १९६५ चा नगरपरिषद कायदा इमारतींप्रमाणे मोकळ्या जमिनीवरही कर लावू देतो. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास शुल्क आहे, नगररचना योजना आहे. त्या योजनेत सगळ्या जमिनी एकत्र करून रस्ते, शाळा, गरिबांची घरे यांची जागा आधी काढतात आणि उरलेले प्लॉट मालकांना परत देतात. गुजरातने हे साधन नेटाने वापरले, आपण विसरलो. दर चार वर्षांनी होणाऱ्या कर आकारणीत पडीक प्लॉटची नोंद पहिल्यापासून घेतली तर नगरपरिषदेला नाली-दिव्यांचे पैसे त्याच लेआउटमधून मिळतील.

यावर आक्षेप असा की कर लावला तर छोटा माणूस मरेल. मुलीच्या लग्नासाठी एक प्लॉट धरून ठेवलेल्या शिक्षकाला शिक्षा कशाला? हा आक्षेप न्याय्य आहे आणि त्याचे उत्तर करातच ठेवता येते. कुटुंबाचा पहिला प्लॉट काही वर्षे सवलतीत ठेवावा, दुसऱ्यापासून दर चढता असावा, आणि ज्या लेआउटमध्ये नाली-पाणीच पोचलेले नाही तेथे कर खरेदीदारावर नव्हे, लेआउट टाकणाऱ्यावर बसावा. पण मूळ औषध करात नाही. शिक्षकाला पेन्शनचा भरवसा आणि शेतकऱ्याला भावाचा भरवसा मिळाला तर प्लॉटमध्ये पैसा अडकवण्याची गरजच कमी होते. तो निर्णय मुंबई-दिल्लीचा. दुसरा आक्षेप रेडीरेकनरचा: १ एप्रिल २०२५ पासून नगरपरिषद-नगरपंचायत क्षेत्रात सरकारी दर सरासरी ४.९७ टक्क्यांनी वाढवले, त्याआधी दोन वर्षे ते तसेच होते, मग बाजार शांतच नाही का? सरकारी दर हा सौद्याचा आरसा नसतो. सौदा एका भावाने होतो आणि कागद दुसऱ्या भावाचा असतो, तोवर त्या तक्त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

मोठ्या रस्त्यांच्या घोषणांबद्दलही सावध राहायला हवे. पवनार ते पत्रादेवी हा शक्तिपीठ महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातून जाणार म्हणताच आसपासच्या तालुक्यांत जमिनीचे भाव सांगण्याची भाषा बदलली. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, पण असा मार्ग वेगाने जाण्यासाठी असतो; चढण्या-उतरण्याची जागा जेथे नाही तेथे त्याच्या बाजूचे शेत शेतच राहते. त्या आशेवर कर्ज काढून प्लॉट घेणारा सर्वांत जास्त नुकसान सोसतो.

डिसेंबर २०२५ मध्ये अनेक वर्षांच्या खंडानंतर राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, आणि लेआउटवर लक्ष ठेवायला पुन्हा लोकांनी निवडलेले नगरसेवक आले. पैसा न लागणारे एक काम ते लगेच करू शकतात. हद्दीतल्या आणि हद्दीला लागून असलेल्या प्रत्येक लेआउटचा गट क्रमांक, एनए झाला की नाही, नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराची नोंदणी आहे का, खुली जागा कोणती, ती नगरपरिषदेच्या नावावर झाली का आणि पूररेषा कुठून जाते, एवढे एका फलकावर मराठीत लिहून दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात लावावे. बयाणा देण्याआधी माणसाने वाचायला हवे ते सगळे तेथे असेल, आणि नाव चुकले किंवा आकडा खोटा निघाला तर जाब विचारायला पत्ता असेल.